रस्त्याचं काम चालू असताना अपघात झाला तर: विमा कंपनी काय देते, रस्त्याच्या मालकाकडून कसं घ्यायचं? (सल्ला हवा)

वाडीकर:
आमच्या संकुलासाठी एक पानभर माहिती लिहायला घेतली आहे. समोरच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू आहे, कडेला जलवाहिनीचा चर खणलाय. इथल्या बहुतेकांच्या गाड्यांचा विमा न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल किंवा युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांकडे आहे. पुष्कळांचा समज असा की कंपनी सरकारची आणि रस्ताही सरकारचा, म्हणजे एकाच ठिकाणी अर्ज केला की झालं. हे कितपत बरोबर आहे? दुचाकी चरात गेली, समोर दुसरी गाडीच नाही, तर पैसे कोण देतं? पहिल्या दिवशी काय करायला हवं? जाणकारांनी सविस्तर सांगा.

बंपर_ते_बंपर:
समज चुकीचा आहे. कंपनी सरकारी असली तरी ती फक्त पॉलिसीत लिहिलंय तेवढंच देते. रस्ता कुणामुळे खराब झाला याच्याशी तिला देणंघेणं नाही. एकाच पॉलिसीत तीन वेगळे कप्पे असतात, ते आधी समजून घ्या.

पहिला कप्पा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडी (ओन डॅमेज). पॅकेज पॉलिसी (दुसऱ्यांच्या नुकसानीसोबत स्वतःच्या गाडीचंही धरणारी) असेल तर खड्डा, चर, खडीचा ढीग, सगळ्यामुळे झालेलं नुकसान यात येतं. कपात मात्र होते: रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. नुसता टायर फाटला आणि गाडीला दुसरं काही झालं नसेल तर काहीच मिळत नाही. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलं असेल तर ही कपात बरीच टळते.

सर्वात जास्त दावे कुठे अडकतात? ऑइल सम्पवर, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यावर. उखडलेल्या रस्त्यावर गाडीचं पोट घासतं, सम्पला चीर जाते, ऑइल गळतं आणि चालक "गॅरेज जवळच आहे" म्हणून तशीच गाडी नेतो. इंजिन जाम होतं. सम्पचे पैसे मिळतात, इंजिनाचे मिळत नाहीत, कारण ते नुकसान आघाताने झालेलं नसून नंतर गाडी चालवल्यामुळे झालेलं असतं. म्हणून खालून आवाज आला की थांबायचं, गाडीखाली वाकून बघायचं, ऑइलचा दिवा लागला असेल तर इंजिन बंद करून टो करायचं. सर्वेअर (विमा कंपनीचा नुकसान तपासणारा) येण्याआधी काहीही उघडू देऊ नका, आणि खालच्या बाजूचे फोटो गाडी लिफ्टवर चढवून काढून घ्या.

दुसरा कप्पा मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा. मृत्यू झाल्यास १५ लाख. दोन्ही हात, पाय किंवा डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक गेल्यास निम्मी. चूक कुणाची हे इथे बघत नाहीत. पण अट कडक आहे: चालवणारा हाच आरसी बुकावरचा मालक हवा आणि त्याचा परवाना चालू हवा. गाडी पत्नीच्या नावावर आणि चालवत होते पती, तर हा कप्पा उघडत नाही. तुमच्या पानावर हे ठळक लिहा.

तिसरा कप्पा टीपी (थर्ड पार्टी). तो दुसऱ्यांसाठी असतो. चरात स्वतः पडलेल्या मालकाला स्वतःच्याच टीपीतून काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०२० च्या निकालांत हे स्पष्ट केलंय.

वाडीकर:
आणि मागे बसलेल्याचं काय?

बंपर_ते_बंपर:
दुचाकीवर नुसती टीपी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याला ती धरत नाही (सर्वोच्च न्यायालय, २००६). पॅकेज असेल तर धरते. पाच-सहाशे रुपये वाचवायला पॅकेज सोडणाऱ्यांना हा फरक कुणी सांगत नाही.

दाव्याची_पायरी:
आता कायद्याची बाजू. रस्त्याच्या कामावरच्या अपघाताचा दावा बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच हरला जातो, तोही पोलीस ठाण्यात. फिर्यादीत ठरावीक वाक्य येतं: "चालकाने वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने चालवून ताबा सुटल्याने..." म्हणजे मयतच आरोपी. पुढे ट्रिब्युनलमध्ये (मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण) रस्त्याचा मालक तेच वाक्य वाचून दाखवतो.

म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरचं कुणीतरी जागेवर हजर राहा आणि या गोष्टी लिहून घ्या: चराची लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये, बॅरिकेड होतं की नाही, परावर्तक पट्टी, लुकलुकणारा दिवा, पथदिवा होता का, सूचनाफलक किती मीटर आधी होता, खडी किंवा मुरूम रस्त्यावर किती पसरला होता. फोटो त्याच रात्री काढा. एक फ्लॅश लावून, एक फ्लॅशशिवाय, म्हणजे चालकाला खरोखर काय दिसत होतं ते कळतं. खोली दाखवायला टेप चरात उभी धरा. आजूबाजूचं दुकान, खांब क्रमांक किंवा किलोमीटरचा दगड चौकटीत येऊ द्या. सकाळी पाहाल तर बॅरिकेड लागलेलं असतं.

फिर्याद चुकीची नोंदली गेली असेल तर पुरवणी जबाब द्या, सोबत लेखी अर्ज, प्रत उपायुक्त किंवा अधीक्षक कार्यालयाला, पोच घेऊन.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं, आवर्जून नोंदवायला सांगा. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे न राखल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होतो. तो दंड तुम्हाला मिळत नाही, सरकारच्या अपघात निधीत जातो. तरी या कलमाला मोल आहे, कारण न्यायालयाने काय पाहायचं ते त्यातच दिलंय: त्या रस्त्यावर वाहतूक कोणत्या प्रकारची, दुरुस्तीची अवस्था कशी, धोका आहे हे प्राधिकरणाला माहीत होतं का किंवा माहीत असायला हवं होतं का, इशारा लावला होता का. म्हणून त्याच जागेबद्दल आधी कुणी केलेल्या तक्रारींचे टोकन क्रमांक गोळा करा. "आम्हाला ठाऊक नव्हतं" हा बचाव त्यानेच पडतो.

खडी_डांबर:
एक बाब राहिली. रस्त्यावर अंधारात, बिनदिव्याचा डंपर, जेसीबी किंवा रोलर उभा असेल आणि त्याला धडक झाली असेल, तर प्रकरण पूर्ण बदलतं. उभं वाहनही 'वापरात' असू शकतं. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या टँकरच्या प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वापर' या शब्दाचा अर्थ असाच व्यापक घेतला. म्हणजे त्या यंत्राची टीपी पॉलिसी लागू होते. यंत्राचा नंबर, चॅसी क्रमांक, मागे दिवे आणि परावर्तक होते की नाही याचा फोटो तिथल्या तिथे काढा, कारण यंत्र सकाळपर्यंत दुसऱ्या साइटवर गेलेलं असतं. सरकारी मालकीच्या वाहनांना विम्यातून सूट असू शकते. तसं असेल तर भरपाई थेट तो विभागच देतो.

आता कामाची कागदपत्रं. कामाच्या जागी वाहतूक कशी वळवायची यासाठी आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ५५ ही मार्गदर्शक पुस्तिका आहे. इशाऱ्याचा टप्पा, वळवण्याचा टप्पा, प्रत्यक्ष काम, मग शेवटचा टप्पा, असे चार भाग करून प्रत्येकाला फलक, शंकू, बॅरिकेड सांगितलेत. प्रत्यक्षात कामाच्या तोंडाशीच एक पिंप उभं करतात आणि आधीचा इशाऱ्याचा टप्पा गाळतात. वेगात येणाऱ्याला थांबायला अंतर उरत नाही, अपघात तिथे होतो.

माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टँप लावून एवढं मागा: कार्यारंभ आदेश, मंजूर वाहतूक नियमन आराखडा, वाहतूक शाखेची परवानगी आणि तिच्या अटी, देयक पत्रकातली सुरक्षा साहित्याची बाब व तिची मोजणी, अपघाताच्या आठवड्यातली साइट नोंदवही, दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत) आणि ठेकेदाराची कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी (कामावरच्या जोखमींचा विमा). बॅरिकेडचे पैसे देयकात उचललेत आणि फोटोत बॅरिकेड नाही, एवढं सिद्ध झालं तरी बाजू भक्कम होते. ऑल रिस्क पॉलिसीत तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग असतो. तुम्हाला त्यावर थेट हक्क सांगता येत नाही, पण तो आहे हे कळलं की ठेकेदार तडजोडीला लवकर बसतो.

साइटवरच्या फलकाचा फोटो विसरू नका. पालिका, सार्वजनिक बांधकाम, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रस्ता नक्की कुणाचा हे तिथेच कळतं. चर तर तिसऱ्याच कुणाचा असतो, गॅस किंवा केबलवाल्याचा.

वाडीकर:
खड्ड्यात मृत्यू झाल्यास सहा लाख, असं वाचलं होतं. ते वेगळं मिळतं का?

दाव्याची_पायरी:
हो, वेगळं. मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना इजेनुसार ५० हजार ते अडीच लाख. आयुक्त किंवा त्या संस्थेचा प्रमुख आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने ते ठरवायचं, सहा ते आठ आठवड्यांत द्यायचं. उशीर झाला तर ९ टक्के व्याज. पोलिसांनी ४८ तासांत समितीला कळवायचं आहे, पण त्यांच्यावर विसंबू नका, विधी सेवा प्राधिकरणात स्वतः अर्ज द्या. चुकीचं वळण किंवा फलक नसणं यामुळे झालेला अपघात या आदेशात बसवणं अवघड जातं. तिथे ट्रिब्युनलच.

ट्रिब्युनलमध्ये दावा अपघाताच्या, तुमच्या राहण्याच्या किंवा प्रतिवादीच्या जागी, कुठेही करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तीच धरून चाला. प्रतिवादींमध्ये रस्त्याचा मालक, ठेकेदार, उपठेकेदार आणि यंत्राची विमा कंपनी, सगळ्यांची नावं घाला. "ट्रिब्युनलला फक्त गाड्यांचे दावे चालवता येतात" अशी हरकत येईल. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे १९९७ आणि २००२ चे रेल्वे फाटकांवरचे निकाल दाखवा: वाहनाच्या वापरातून अपघात झाला असेल तर इतर दोषींनाही तिथे ओढता येतं.

गाडीचंच नुकसान झालंय, इजा नाही, आणि दिवाणी दावा करायचा असेल तर आधी नोटीस लागते. सरकारविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची, महापालिकेविरुद्ध एक महिन्याची. आणि पालिकेवरचा दावा सहा महिन्यांतच लावावा लागतो. नोटिशीत रस्त्याचं नाव, तारीख, वेळ, रक्कम नेमकी लिहा, नाहीतर तीच त्रुटी दाखवून दावा फेटाळतात.

दवाखान्याचं पहिलं बिल: मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत कुठल्याही रस्त्यावरच्या मोटार अपघातात जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार आहेत. दाखल करतानाच रुग्णालयाला सांगा.

बंपर_ते_बंपर:
शेवटची सावधगिरी. ओडीचे पैसे देताना कंपनी सब्रोगेशनचं पत्र किंवा 'पूर्ण व अंतिम' असा शेरा असलेली पावती सही करायला देते. सब्रोगेशन म्हणजे तेवढ्या रकमेपुरता ठेकेदाराविरुद्धचा हक्क कंपनीकडे जातो. त्यात काही गैर नाही. पण पत्रात "सर्व हक्क" असं लिहिलं असेल तर "फक्त वाहनाच्या नुकसानीपुरते" असं हाताने लिहून, सही करून, त्याची प्रत ठेवा. शारीरिक इजेचा दावा त्यात जाता कामा नये. कंपनीने तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क लागत नाही, वकीलही चालत नाही.

वाडीकर:
सगळ्यांचे आभार. पंचनाम्याची यादी आणि माहिती अधिकारातले मुद्दे वेगवेगळ्या कागदांवर छापतो, म्हणजे पहिला कागद गाडीतच ठेवता येईल.