गॅरेजचे दार संध्याकाळी बंद होत नाही आणि उघडताना मोटर कण्हते : दोष नेमका कुठे?

उंबरठा :
नमस्कार. आमच्या गॅरेजला आडव्या फळ्यांचे, रुळांवरून सरकत छताखाली जाणारे दार आहे आणि ते साखळीच्या मोटरवर चालते. सध्या त्याच्या दोन तक्रारी आहेत. सकाळी दार व्यवस्थित बंद होते. संध्याकाळी मात्र बटण दाबल्यावर ते जेमतेम वीतभर खाली येते, लगेच परत वर जाते आणि मोटरवरचा दिवा उघडझाप करू लागतो. दुसरी तक्रार अलीकडची आहे. दार उघडताना मोटर कण्हते आणि कधी कधी दार अर्ध्यावरच थांबते. मोटरच्या मागे जोर कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो असे वाचले आहे. तो थोडा पिळून पाहावा का? शिवाय बिजागऱ्या कुरकुरतात, त्यांना कोणते वंगण द्यावे हेही सांगावे.

पानापक्कड :
आधी एक विनंती : तो स्क्रू सध्या जिथे आहे तिथेच राहू द्या. तुमच्या वर्णनावरून हे दोन वेगवेगळे बिघाड दिसतात आणि जोर वाढवून त्यांपैकी एकही दूर होणार नाही. पहिल्याविषयी मी लिहितो.

दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटर उंचीवर, समोरासमोर दोन छोट्या डब्या बसवलेल्या असतील. एक डबी अदृश्य अवरक्त किरण सोडते आणि दुसरी तो टिपते. दार खाली येत असताना हा किरण तुटला, तर वाटेत कोणीतरी आहे असे समजून मोटर दार परत वर नेते आणि दिव्याची उघडझाप करून तसे कळवते. दार उघडताना या डब्यांचा काही संबंध नसतो, म्हणून उघडण्याची तक्रार इथली नव्हे.

फक्त संध्याकाळीच असे होते, यावरून माझा पहिला संशय उन्हावर आहे. मावळतीचे तिरपे ऊन किरण टिपणाऱ्या डबीच्या भिंगात थेट शिरले, तर त्या झगमगाटात तिला समोरचा किरण ओळखता येत नाही. दार परत फिरेल त्याच वेळी वाकून पाहा : डबीवर ऊन पडले आहे का, आणि तिच्यावरचा बारीक दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे? मग हाताने त्या डबीवर सावली धरा, मात्र हात किरणाच्या वाटेत येऊ देऊ नका. दिवा स्थिर झाला तर निदान पक्के. उपायही सोपा आहे. जाड पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चार-पाच सेंटिमीटर लांबीची नळी भिंगाभोवती टोपीसारखी बसवावी. ऊन एकाच बाजूला येत असेल आणि तुमच्या संचात तशी सोय असेल, तर दोन्ही डब्यांची अदलाबदल करून टिपणारी डबी सावलीच्या बाजूला नेता येते.

ऊन निर्दोष निघाले, तर भिंगे मऊ कापडाने पुसा, कारण कोळ्याचे एखादे जाळेही पुरेसे होते. त्यानंतर डबीची पत्र्याची पट्टी हलवून पाहा. झाडताना केरसुणीचा किंवा सायकलच्या चाकाचा धक्का लागून ती किंचित वाकते आणि दोन्ही डब्या एका रेषेत राहत नाहीत. एका भिंगापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला की फरक लगेच दिसतो. शेवटी वायर तपासा, विशेषतः भिंतीवर जिथे ती पिनांनी ठोकलेली असते तिथे, कारण पिन खोल गेली असेल तर आतली तार दबून अर्धवट तुटलेली असू शकते.

आणखी एक खूण सांगतो. बऱ्याच मोटरींमध्ये भिंतीवरचे बटण दार पूर्ण खाली येईपर्यंत दाबून धरले, तर सेन्सरकडे, म्हणजे या डब्यांकडे, दुर्लक्ष करून दार बंद होते. तसे झाले तर दोष सेन्सरच्या बाजूचा समजावा. मात्र हे करताना दार डोळ्यांसमोर हवे आणि त्याखाली कोणी असता कामा नये. शिवाय ही फक्त चाचणी आहे, रोज दार लावण्याची रीत नव्हे.

कडीकोयंडा :
दुसऱ्या तक्रारीचे मूळ मोटरीत शोधण्याआधी दारात शोधा. दार मोटर उचलते असे बहुतेकांना वाटते, प्रत्यक्षात त्याचे जवळजवळ सगळे वजन स्प्रिंग पेलत असते. मोटरीचे काम तोललेल्या दाराला फक्त पुढे-मागे नेण्याचे. त्यामुळे ती कण्हू लागली, तर बहुधा तिच्यावर मुळात तिचे नसलेले वजन आलेले असते.

खात्री करण्यासाठी पुढील चाचणी करा. दार पूर्ण बंद असताना मोटरचा प्लग काढा आणि रुळावरच्या सरकत्या कडीला लोंबणारी दोरी, बहुधा तांबड्या मुठीची, ओढून दार मोटरीपासून सोडवा. दार उघडे किंवा अर्धवट असताना ही दोरी ओढू नये. स्प्रिंग तुटलेली असेल तर सुटलेले दार थेट खाली आदळते. आता दार हाताने सावकाश कमरेइतके उचलून आधार हलकेच सैल करा. तोल बरोबर असेल तर ते तिथेच थांबेल किंवा अगदी थोडे हलेल. घसरू लागले तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे, आणि आपोआप वर धावले तर ती जास्त ताणलेली आहे. मुळात उचलायलाच फार जड लागले, तर ओढाताण न करता तिथेच थांबावे. याउलट हाताने दार हलके चालले आणि तरीही मोटर कण्हत असेल, तर मग मोटरीकडे वळा : कपॅसिटर (मोटरला सुरू होताना जोर देणारा विजेचा भाग) कमजोर झालेला असतो किंवा आतले प्लॅस्टिकचे गिअर झिजलेले असते. गिअर झिजले असेल तर झाकणाखाली पांढरा भुसा पडलेला सापडतो.

दाराच्या वर आडव्या दांड्यावर स्प्रिंग असेल, तर टॉर्च घेऊन तिचे वेढे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहा. तुटलेल्या स्प्रिंगमध्ये मध्येच बोट-दोन बोटांची स्वच्छ फट दिसते. तुटताना मोठा आवाज होतो. तो कोणी ऐकला का, हेही घरात विचारा. सामान्य स्प्रिंगचे आयुष्य बहुधा १०,००० वेळा उघडझाप इतके धरतात. दार दिवसातून ४ वेळा उघडून मिटत असेल, तर हा हिशेब जेमतेम ७ वर्षांचा होतो.

स्प्रिंग पाहण्यापर्यंतचे काम आपले. ती सोडवणे, ताणणे किंवा बदलणे हे मी कोणालाही घरी करायला सांगणार नाही. ताणलेल्या स्प्रिंगमध्ये सगळे दार उचलण्याइतकी ताकद साठवलेली असते आणि चुकीचा पाना निसटला, तर तो मनगट किंवा चेहरा पाहत नाही. हेच दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या, केबल (दार वर ओढणारी तारेची दोरी) अडकवलेल्या पट्टीलाही लागू आहे. तिचे स्क्रू साधे दिसतात, पण त्यांच्यावर स्प्रिंगचा पूर्ण ताण असतो.

जुनाखिळा :
वंगणाविषयी. बिजागऱ्यांचे सांधे, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंगचे वेढे यांना सिलिकॉन स्प्रे किंवा पांढरे लिथियम ग्रीस थोडेसे द्यावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे. रुळांना मात्र काहीही लावू नये, ते नुसते कोरड्या फडक्याने स्वच्छ करावेत. तेलकट रुळात धूळ बसून तिचा लगदा होतो आणि रोलर गोल फिरण्याऐवजी घसटत जातात. गंज सोडवण्याचे पातळ तेल जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि हात आधी त्याच्याकडेच जातो, पण ते जुने ग्रीस धुऊन काढते आणि स्वतः फार काळ टिकत नाही. नायलॉनच्या चाकांवरही काही लावण्याची गरज नाही. ही कामे करताना बिजागऱ्यांचे सैल झालेले नट आवळून घ्या. अर्धी कुरकुर तिथेच थांबते.

सावली :
मध्येच एक उपप्रश्न. आमचे दार भिंतीवरच्या बटणाने नीट चालते, पण रिमोट मात्र अगदी दारापाशी गेल्यावरच लागतो. सेल नवे घातले आहेत.

पानापक्कड :
मोटरमधला दिवा अलीकडे बदलून एलईडी लावला आहे का? काही एलईडी दिवे रिमोटच्या लहरींमध्ये व्यत्यय आणतात. दिवा काढून रिमोट चालवून पाहा. रिमोट अजिबातच चालत नसता, तर भिंतीवरच्या पाटीवरील, रिमोट बंद करणारे कुलपाचे बटण चुकून दाबले गेले आहे का ते पाहायला सांगितले असते.

उंबरठा :
दोघांचेही निदान बरोबर निघाले. ऊन आल्यावर डावीकडच्या डबीचा दिवा लुकलुकत होता आणि सावली धरताच स्थिर झाला. पुठ्ठ्याची नळी बसवल्यापासून दार संध्याकाळीही सरळ बंद होते. दुसरी तक्रार अधिक गंभीर ठरली. दोरी ओढल्यावर दार गुडघ्याइतके उचलतानाच दम लागला, म्हणून लगेच खाली ठेवले. दांड्यावर दोन स्प्रिंगा आहेत आणि त्यांपैकी उजवीकडची मधोमध तुटलेली आहे. रात्री कधीतरी धाडकन आवाज झाला होता, तेव्हा माळ्यावरचे काहीतरी पडले असावे असे समजून आम्ही झोपलो होतो. कारागिराला बोलावले आहे. तो एकच स्प्रिंग बदलू म्हणाला तर चालेल का, आणि तोवर मोटरीने दार चालवावे का?

कडीकोयंडा :
दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नाही असेच आहे. दोन्ही स्प्रिंगांनी सारखीच उघडझाप सोसली आहे, त्यामुळे उरलेलीही फार टिकणार नाही आणि नव्या-जुन्या जोडीने तोल नीट साधत नाही. दोन्ही एकदम बदलून घ्या, आणि त्या तुमच्या दाराच्या वजनाप्रमाणे निवडल्या आहेत ना, हे कारागिराला विचारा. तोपर्यंत दार बंदच ठेवा; या अवस्थेत मोटर चालवली तर गिअरही जाईल आणि केबल ड्रमवरून, म्हणजे ती गुंडाळणाऱ्या चाकावरून, उतरण्याची भीती राहील.

काम झाल्यावर कारागीर जाण्यापूर्वी त्याच्यासमोरच कमरेइतक्या उंचीवरची तोलाची चाचणी पुन्हा करा. नंतर दार मोटरीला जोडून, दार टेकते त्या जागी मधोमध साधारण ४ सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला टेकताच ते परत वर गेले पाहिजे. ते फळीवर दाबून बसले, तर जोराचा स्क्रू कमी करायचा किंवा खालची मर्यादा (दाराने खाली कुठे थांबायचे ती जागा) नीट लावायची, आणि चाचणी पुन्हा करायची.