केंदाळाला ‘बाग’ म्हणणाऱ्या मुलीला पर्यावरण कळले का?

रंकाळाकाठ
‘निसर्ग-बालवाडीतल्या मुलांना पर्यावरण आपोआप कळते’ हे बालवाडीताईंचे इथले कालचे विधान मला खटकले, म्हणून सविस्तर लिहितो. माझी चार वर्षांची नात अशाच, उघड्यावर झाडामातीत भरणाऱ्या बालवाडीत जाते. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरचे केंदाळ (जलपर्णी) पाहून ती टाळ्या पिटत म्हणाली, “आजोबा, केवढी मोठी बाग!” सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर (नायट्रोजन-फॉस्फरसवर) ते पोसते, त्याच्याखाली उजेड पोहोचत नाही, मासे गुदमरतात, यातले तिला काहीच ठाऊक नाही. हिरवे ते चांगले, एवढेच ती शिकली असेल तर त्याला समज म्हणू नये.

बालवाडीताई
चार वर्षांच्या मुलीने स्फुरद ओळखावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. लहान मुले हलणाऱ्या वस्तूला जिवंत मानतात, हे बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने नोंदवले आहे. माझ्या वर्गातही ढग जिवंत असतो आणि वड नसतो. मात्र पेरलेला घेवडा रोज उकरून पाहणाऱ्या एका मुलाला, आपण उकरल्यामुळेच तो मेला हे उमगले, तेव्हा तो हमसून रडला. ही समज कोणत्या तक्त्यावरून येते?

ऊसकरी बाप
पैसे भरून चिखल विकत घ्यावा लागतो, याचा मला संताप येतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली होती. तीच कल्पना तुम्ही आता परदेशी म्हणून विकता. माझा मुलगा उसाच्या सरीत वाढला, त्याला कोणी निसर्गशिक्षित म्हटले नाही.

बालवाडीताई
‘विकता’ हा शब्द मागे घ्या. माझ्याकडची निम्मी मुले धुणीभांडी करणाऱ्या बायांची आहेत आणि शिकवण्या घेऊन मी घर चालवते. तणनाशक मारलेल्या बांधावर फुलपाखरे का दिसत नाहीत, हे तुमच्या मुलाला कधी विचारू दिलेत का?

ऊसकरी बाप
नाही दिले, आणि शब्द मागे घेतो. पण २०१९ च्या पुरात तो पाच वर्षांचा होता; पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांवर गेले की धोका, हे त्याने तेव्हा ऐकले, ते आजही विसरलेला नाही. ती भीतीसुद्धा पर्यावरणाचीच समज आहे, आणि तुमच्या सहलींत तिला जागा नाही.

रंकाळाकाठ
फीचा वाद पुरे. घेवड्याचे उदाहरण मला नाइलाजाने मान्य करावे लागते. आज सकाळी मी नातीच्या हातात केंदाळाची मुळे दिली. तिने नाक मुरडले आणि विचारले, “बागेला अशी घाण का येते?” मी शेजारी उभा होतो, म्हणून हा प्रश्न आला. तुमच्या विधानातला ‘आपोआप’ तेवढा काढा.