वाडीच्या रस्त्यासाठी मुंबई मंडळाने वर्गणी काढावी का?

काळाचौकीकर_५८:

मंडळी, नमस्कार. राहायला काळाचौकी, गाव महाडच्या वरच्या अंगाला, घाटाखालची वाडी. वाडीचं नाव टाकत नाही. गावचे चारजण इथे वाचतात आणि लगेच फोन येतो.

डांबरी रस्त्यापासून वाडी १.६ किलोमीटर. २००९ साली मंडळाने श्रमदान करून, वर जेसीबी लावून गाडीवाट काढली. उन्हाळ्यात जीप अंगणापर्यंत जाते. मृगाचे दोन पाऊस झाले की जीप खाली आंब्याजवळ आणि माणसं चिखल तुडवत वर. मागच्या श्रावणात वहिनीला डोलीत घालून खाली आणली, चौघे खांदेकरी, त्यातले तीन साठीचे. तरणी पोरं वाडीत आहेत कुठे?

गणपतीआधीच्या बैठकीत ठराव झाला: मुंबईतल्या ३८ घरांनी प्रत्येकी ४०,००० काढायचे, म्हणजे १५ लाख २० हजार. एक ठेकेदार म्हणतो तेवढ्यात खडी टाकून डांबर करून देतो. सरकारी योजनेत बसत नाही, कारण २०११ च्या जनगणनेत वाडी २१४ माणसांची. मी खजिनदार, त्यामुळे झोप माझी गेली. चार घरांनी पैसे आणूनही दिले, ते कपाटात आहेत. वर्गणी काढावी की थांबावं?

पगारदार_भांडुप:

एक रुपया देऊ नका काका. आपण आधीच दिलेत. पगाराच्या चिठ्ठीवर 'पी.टी.' बघा: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारातून कापायचा आणि गावाकडच्या कामावर घालायचा. माझ्या आजीने बहात्तरच्या दुष्काळात माणदेशात खडी फोडली, तो रस्ता आजही आहे. आता पुन्हा आपणच ४०,००० द्यायचे?

आणि मुंबईत बघा. ५५ उड्डाणपुलांचा खर्च पाच नाक्यांवरच्या टोलमधून वसूल करत आणला. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना तोही माफ. आमच्यासाठी सगळं, वाडीसाठी वर्गणी!

जिपतला_जुना:

मी शाखा अभियंता म्हणून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात नोकरी केली, आता मुलाकडे मुलुंडला असतो. भांडुपकर, राग बरोबर आहे, पण टोल गाड्यांमधून निघतो. वाडीवर दिवसाला तीन जीपा आणि एक दुधाची मोटारसायकल. तिथे नाका टाकला तर नाक्यावरच्या माणसाचा चहासुद्धा सुटणार नाही. म्हणून असले रस्ते अनुदानातूनच होतात.

काळाचौकीकर, तुमच्या आकड्याकडे येतो. १५ लाख म्हणजे किलोमीटरला साडेनऊ लाख. प्रधानमंत्री ग्रामसडकच्या चौथ्या टप्प्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ६२,५०० किलोमीटरला ७०,१२५ कोटी. भागाकार करा: किलोमीटरला एक कोटी बारा लाख. त्यात पूलही धरलेत, आणि तुमचं काम त्याहून साधं असेल हे मान्य. तरी साडेनऊ लाखांत ठेकेदार काय देणार? मुरुमावर खडीचा एक थर आणि वर काळं फासून देईल. डोंगराच्या अंगाला गटार नाही, मोऱ्या नाहीत, मग पाणी रस्त्यालाच ओढा समजतं. दसऱ्याला गावी जाल तेव्हा डांबर खालच्या शेतात पडलेलं दिसेल.

लोकसंख्येचं: डोंगर आहे म्हणून किमान २५० माणसांची अट लागेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ती सवलत हिमालयातली आणि ईशान्येची राज्यं, पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग, वाळवंट अशांना. सह्याद्री कितीही उंच असला तरी त्या यादीत नाही. तुम्हाला ५००. ५०० मीटरच्या आत दुसरी वाडी असेल तर दोन्हींची माणसं एकत्र धरता येतात, तेवढं मोजून बघा.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. हा रस्ता जिल्हा परिषदेच्या नोंदवहीत आहे का? ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक पडलाय का? गावनकाशात काय दिसतं, एकेरी तुटक रेघ की दुहेरी? एकेरी म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट.

काळाचौकीकर_५८:

साहेब, दुसरी वाडी दोन ओढे ओलांडून आहे, ती नाही धरता यायची. नकाशा काल पुतण्याने मोबाईलवर दाखवला. एकेरी रेघ आहे, तीही जुन्या वाटेची. आपण २००९ ला काढलेली वाट वेगळ्याच अंगाने जाते. क्रमांकाचं कुणाला माहीतच नाही. सरपंच म्हणाला, 'तो रस्ता मंडळाचा ना?' सोळा वर्षं त्याच्यावर घाम गाळला तो आता आमच्याच गळ्यात!

आणि एक जिव्हाळ्याची गोष्ट. २१४ माणसं मोजली तेव्हा आम्ही सगळे मुंबईत होतो. बारा बाय दहाच्या खोलीत सातजण मोजले गेलो. आम्ही वाडीत मोजलो गेलो असतो तर ५०० सहज झाले असते.

डोंबिवली_फास्ट_नाही:

सोपं आहे, २०२७ च्या जनगणनेला सगळे गावी चला. शिमग्याची रजा तशीही काढताच.

जिपतला_जुना:

हसू आलं, पण तसं करू नका. राहता तिथेच मोजलं जायचं.

काळाचौकीकर, 'मंडळाचा रस्ता' हेच दुखणं आहे. नोंदीत नसलेल्या रस्त्यावर सरकारी पैसा टाकायचा तर पहिली अडचण तीच, मग तो आमदार निधी असो, डोंगरी विकास कार्यक्रम असो की आमच्याकडे ज्याला नुसतं 'पंचवीस-पंधरा' म्हणतात ते लेखाशीर्ष, म्हणजे गावातल्या कामांसाठीचं सरकारी खर्चाचं खातं. नोंद झाली की तुकड्यातुकड्याने मागता येतं. आधी मोऱ्या आणि गटार, मग चढाच्या तुकड्याला काँक्रीट, बाकीचं खडीकरण. डांबराचा नाद सोडा.

नोंदीसाठी लागते जमीन, आणि या कामांत जमिनीला पैसे मिळत नाहीत, ग्रामसडकमध्येसुद्धा नाही. मालकांनी संमती द्यायची. सातबारावर किती नावं आहेत?

काळाचौकीकर_५८:

सहा गट. काल रात्री बसून नावं मोजली: ६१. त्यातली ४३ मुंबई, ठाणे, पनवेलमध्ये. एक सुरतला. शिवाय मध्ये ४०० मीटर वनखात्याचं.

जिपतला_जुना:

वनाला घाबरू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपर्यंत जमीन मिळते, ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. तुमचे ४०० मीटर गुणिले ६ मीटर म्हणजे पाव हेक्टरही नाही.

आता ४३ नावं मुंबईत असतील तर मंडळाच्या हातात वर्गणीपेक्षा मोठी गोष्ट आहे. गावातल्या सरपंचाने विक्रोळी ते पनवेल फिरून सह्या आणणं त्याला सात जन्मांत जमायचं नाही. तुम्हाला चार रविवारांत जमेल. ४०,००० परत करा, घरटी ५०० घ्या. मोजणी, स्टॅम्प, प्रवास सुटेल.

माहेर_पोलादपूर:

मधे बोलते. त्या ६१ नावांत बहिणी किती, ते बघितलंत का? माझं नाव माहेरच्या सातबारावर बाबा गेल्यावर लागलं. तेव्हापासून फोन आला तो एकदाच, हक्कसोड करून दे म्हणून. रस्त्यासाठी सही मागायला कुणी आलं तर मी चहा करीन आणि सहीही देईन. पण भावांना विचारून सगळं झालं असं धरून चालू नका. शेवटी अडतं ते तिथेच.

काळाचौकीकर_५८:

ताई, मोजल्या. १९. आणि खरं सांगतो, यादी करताना त्यांच्यापुढे फोन नंबरच्या जागी आम्ही भावाचा नंबर लिहिला होता. आज खोडून पुन्हा विचारतोय.

चार घरांचे पैसे परत केले. एकाने घेतलेच नाहीत, म्हणाला मोरीला लावा. भांडण आता दुसरंच: गट क्रमांक ४ मधले तिघे भाऊ. एक विक्रोळीला, एक दिव्याला, एक गावी, नऊ वर्षं बोलणं बंद. आणि त्या गटावर अजून त्यांच्या आजीचंच नाव आहे, ती १९९४ ला गेली. सही कुणाची घ्यायची?

जिपतला_जुना:

आधी वारसनोंद. आजीचा मृत्यूदाखला शोधा, तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार. आजीच्या मुलीही वारस लागतात, आत्या जिवंत असेल तर आधी तिच्याकडे जा. तिघे भाऊ तिच्यासमोर एका खोलीत बसतील.

काळाचौकीकर_५८:

आत्या आहे. लालबागलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या. रविवारी जातो.