पहाटे चार वाजता ओरडणारी मांजर : तुमचे अनुभव सांगा

चिंगीची आई
मंडळी, आमच्याकडे चिंगी आहे. वय अंदाजे आठ महिने. अंदाजे, कारण जुलैच्या पावसात रिक्षा स्टँडमागे सापडली तेव्हा तळहाताएवढी होती आणि जन्मदाखला सोबत नव्हता. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, माणसं तीन.

दिवसभर बाईसाहेब फ्रिजवर झोपून असतात. पहाटे चारला सुरू. आधी बेडरूमच्या दाराबाहेर एक बारीक म्यांव, मग दर अर्ध्या मिनिटाला, मग दारावर नखं. पाचच्या सुमाराला असा सूर लावते की खालच्या काकांनी परवा जिन्यात थांबवून विचारलं, "वहिनी, बाळ कोणाचं आलंय?" शेवटी नवरा उठतो, वाटीत चार दाणे टाकतो, ती गप्प होते, आम्ही अर्धा तास झोपतो. मग पुन्हा तेच.

पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी झालंय. जंताचं औषध, लशी सगळं वेळेवर. डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत? दुसऱ्या कारणांनी ओरडणाऱ्या मांजरांचे अनुभवही येऊ द्या, एका जागी राहतील.

पडवीवाली
ऑपरेशन झालंय म्हणजे अर्ध्या सुटलात. आमची मनी साडेपाच महिन्यांची असताना एका संध्याकाळी जमिनीवर लोळायला लागली ती थांबेचना. घशातून असा खोल, लांबलचक आवाज, की मला वाटलं बांगड्याचा काटा अडकला. तोंड उघडून बॅटरी मारून पाहिलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी कोरड्या भाताचा गोळा गिळवायचा प्रयत्न केला, तो मनीने माझ्या साडीवर थुंकला. पाठीवर हात ठेवला की पुढचे पाय वाकवून मागचं अंग वर, शेपटी एका बाजूला. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "काटा कसला गो, माजावर आलीय ती!"

इतकुशी पोर, आम्हाला शंकासुद्धा आली नव्हती. रात्री पडवीत तीन बोके हजर, एकाचा कान अर्धा. कौलांवर मारामाऱ्या. आठवड्याभराने सगळं शांत झालं म्हणून हुश्श केलं, तर पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टर म्हणाले, बोका लागला नाही तर दर दोन-तीन आठवड्यांनी हे येत राहतं. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाले की थांबतं, आपल्याकडे तेवढा खंड पडेलच असं नाही. माजात रक्त जास्त जाऊ शकतं म्हणून त्यांनी तो उतरू दिला आणि मग ऑपरेशन केलं. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर घालून मनी प्रत्येक उंबऱ्याला अडकायची. शेवटी लेकीच्या जुन्या झबल्याला शेपटीपुरतं भोक पाडून तेच घातलं. दहा दिवस झबलं घालून हिंडली. बोके यायचे, बघायचे, जायचे.

फटकळ
मांजर ही कोंडून ठेवायची जात नाही. दार उघडा, जाईल बाहेर. आमच्या गावी पाच होती, रात्री एकही ओरडायची नाही.

पडवीवाली
फटकळ, ओरडायच्या हो, तुम्ही माजघरात घोरत असायचात. आणि त्या पाचांतल्या किती दोन वर्षं जगल्या तेही लिहा. पुण्यातला रस्ता आणि तिसरा मजला म्हणजे गावचं परसू नव्हे.

डोंबिवली फास्ट झोप
चिंगी मादी आहे म्हणून धोका कमी, पण बोकेवाल्यांसाठी लिहून ठेवतो. आमचा गुंड्या दीड वर्षाचा. एरवीही बडबड्या, त्यामुळे ओरडला तर आम्ही लक्ष देत नव्हतो. एका रविवारी दुपारपासून लिटर बॉक्समध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, ओरडायचा, बाहेर यायचा, पुन्हा आत. मला वाटलं बद्धकोष्ठ. बायकोने ट्रे उचलून हलवून पाहिला आणि म्हणाली, "अरे, सकाळपासून एकसुद्धा गोळा नाहीये." लिटर वापरणाऱ्यांना कळेल, लघवीने मातीचा गोळा होतो. ट्रे पूर्ण कोरडा होता. पोट हाताला घट्ट, लिंबाएवढं काहीतरी लागत होतं.

लघवी तुंबली होती. बोक्यांची नळी अरुंद, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकतो. बेशुद्ध करून कॅथेटर घातला, तीन दिवस दवाखाना. असं एक-दोन दिवस राहिलं तर मांजर जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिथल्या बाकड्यावरच बसलो. "उद्या सकाळी बघू" म्हणायचा हा प्रकार नाही. आता ड्राय फूड कमी, ओलं जास्त, पाण्याच्या वाट्या घरात चार ठिकाणी. रोज ट्रे मीच साफ करतो आणि गोळे मोजतो. ऑफिसात हे कोणाला सांगत नाही.

उत्तररात्र
न्यू जर्सीहून. चिंगीच्या आई, उत्तर तुमच्याच लिखाणात आहे : "नवरा उठतो, चार दाणे टाकतो." तिने ओरडायचं आणि त्याने उठायचं, असा करार झालाय. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव म्यांव करत नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं आणि पाळलेली मांजर माणसाला. म्हणजे ही भाषा खास तुमच्यासाठी आहे, आणि तुम्ही तिला दरवेळी उत्तर दिलंत.

आम्हीही दिलं. सुटका अशी झाली : झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दमेपर्यंत खेळवायचं आणि लगेच भरपेट जेवण. शिकार, खाणं, चाटणं, झोप हा त्यांचा क्रम आहे. मांजरं संधिप्रकाशातली शिकारी, पहाटे त्यांना जाग येणारच, निदान पोट रिकामं नको. शिवाय वेळ लावून खाणं टाकणारं यंत्र घेतलं. आता आमची मांजर पहाटे आमच्या दाराशी न येता त्या यंत्रापुढे बसते. त्याच्याशी बोलते बहुतेक.

बाकी वेळी उठायचं नाही, ओरडायचं नाही, "गप गं" सुद्धा नाही. पहिल्या दिवसांत आवाज वाढतो, तेव्हा टिकायचं. पाच दिवस थांबलात आणि सहाव्या दिवशी उठलात, तर ती एवढंच शिकते की सहा दिवस ओरडायचं.

(नोव्हेंबरात इथे घड्याळं एक तास मागे जातात. ते मांजरीला कोणी कळवत नाही.)

संत्रानगरीची राणी
आमची पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची. इतकी जोरात ओरडायची की शेजारी म्हणायचे काय छळता हो तिले. सात महिन्यांची असताना कुकरची शिट्टी तिच्या कानाशी वाजली आणि तिची मान हललीसुद्धा नाही, तेव्हा ट्यूब पेटली. अशा रंगाच्या मांजरांत बहिरेपण बरंच असतं म्हणे डॉक्टर. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तर कमी कुठून करणार? अंधारात आम्ही दिसलो नाही की घाबरून हाका मारते. आता पॅसेजमध्ये रात्री छोटा दिवा असतो, आणि जवळ जाताना आम्ही पाय आपटत जातो. फरशीची थरथर तिला कळते. आवाज निम्म्यावर आला. उरलेल्या निम्म्याची आम्हाला सवय झाली.

सायलेंट वाचक
कोणी दूध पाजू नका एवढंच. आमचं पिल्लू ओरडतंय म्हणून पाजत राहिलो, जुलाब झाले, पोट दुखून अजून ओरडलं.

चिंगीची आई
तीन आठवड्यांनी आलेय, हिशोब द्यायला.

रात्री साडेदहाला परकराची नाडी घेऊन घरभर पळणं (मी), मग तिचं जेवण. नाडी नंतर आठवणीने कपाटात, ती गिळली तर वेगळंच प्रकरण. पहिल्या दोन रात्री भयानक. तिसऱ्या रात्री दारावर अंग आपटलं. नवरा म्हणाला, "मी फक्त बघून येतो." मी त्याचा हात धरून ठेवला. लग्नात धरला होता त्यापेक्षा घट्ट. काकांना मी आधीच चिवड्याचा डबा देऊन आले होते.

सहाव्या रात्री अडीचलाच सुरू. आम्ही उशा कानावर दाबून पडलो. पण आवाज वेगळा होता, एकसारखा, मधे थांबतच नव्हता, आणि दारातून न येता भिंतीतून आल्यासारखा. दहा मिनिटांनी मला राहवेना. बाईसाहेब बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, माझ्या लग्नातल्या शालूवर. रात्री नाडी ठेवताना मीच दार लावून घेतलं होतं. बाहेर आली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट लिटर बॉक्सकडे पळाली. शालू वाचला, ही तिचीच कृपा.

उत्तररात्र, तुमच्या हिशोबाने सहाव्या दिवशी उठले, पण ते तिने धरलं नाही. दहाव्या-अकराव्या दिवसापासून चारचं ओरडणं गेलं. उठल्याउठल्या वाटी भरणं बंद केलंय. आधी आमचा चहा, मग तिचं. आता ती पहाटे दाराशी नसते. साडेपाचला ओट्याखाली येऊन बसते आणि गॅसचा लायटर वाजला की एकदाच म्यांव करते. काल सिलिंडर संपला होता. माझ्या लक्षात येईपर्यंत मी आठ वेळा लायटर वाजवला. आठ म्यांव.