डावखुऱ्या हातासाठी स्वस्त लोखंडी रंधा कसा जुळवावा?

प्रश्न – हौशी सुतार
मी डावखुरा आहे. सुट्टीच्या दिवशी घरी सुतारकाम करता यावे म्हणून अलीकडेच चार नंबरचा, म्हणजे साधारण ५० मिमी रुंद पात्याचा, एक स्वस्त लोखंडी रंधा घेतला. मागची मूठ डाव्या हातात आणि पुढची बोंडी उजव्या हातात धरतो. सागवानी फळीवर अर्धा तास रंधा मारला, की डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो, तर्जनीची कड खरचटते आणि कंबर भरून येते. डावखुऱ्यांसाठी वेगळा रंधा असतो का, की याच रंध्यात काही फेरफार करता येतील?

प्रतिसाद – जुना पॅटर्नमेकर
वेगळा रंधा शोधू नका. सपाटीच्या रंध्याला डावे-उजवे नसते. ते असते खाचेच्या आणि बाजूला गाइड लावलेल्या रंध्यांना. कोल्हापुरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि आमच्याकडचे डावखुरे कारागीर इतरांचेच रंधे वापरत असत.

तुमच्या फोडाचे कारण मुठीत आहे. स्वस्त रंध्याची मूठ यंत्रावर कापून तशीच बसवलेली असते. तिच्या बाजू सपाट आणि कडा चौकोनी राहतात, आणि वरचे टोक नेमके बेचक्यात रुतते. मूठ सोडवून अर्धगोल कानशीने कडा उतरवा, नंतर १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. मधून मधून मूठ बसवून, डोळे मिटून हातात धरून पाहा, म्हणजे कुठे टोचते ते लगेच कळते. मुठीत तीनच बोटे ठेवायची असतात. तर्जनी पुढे पात्याच्या कडेला टेकते, आणि तुमच्या बाबतीत ती डावी कड. त्या लांब कडेची धार तेलाच्या दगडावर दोन-चार वेळा घासून बोथट करा. लाकूड कापणाऱ्या धारेला मात्र दगड लागू देऊ नका.

मूठ हलत असेल तर नुसती आवळत बसू नका. लाकूड आटल्यावर आतली सळई लांब पडते आणि मूठ घट्ट बसण्याआधीच नट सळईवर टेकतो. अशा वेळी सळईचे टोक एक-दोन मिलिमीटर घासले, की काम होते.

प्रतिसाद – टेबलवाला
वरील सर्व मान्य आहे, पण कंबरेचा दोष रंध्याचा नाही, टेबलाचा आहे. बाजारात मिळणाऱ्या टेबलाचा व्हाइस (लाकूड पकडणारा शिकंजा) बहुधा समोरच्या बाजूला डाव्या टोकाशी असतो, कारण उजव्या हाताचा माणूस टेबलाकडे तोंड केल्यावर उजवीकडून डावीकडे रंधा मारतो. तुम्ही मागची मूठ डाव्या हातात धरून त्याच दिशेने ढकलत असाल, तर प्रत्येक फेरीला कंबर पिळली जाणारच. व्हाइस आणि फळी अडवणारी पट्टी उजव्या टोकाला घ्या, टेबल डाव्या अंगाला ठेवून उजवा पाय पुढे टाका आणि डावीकडून उजवीकडे चला.

खोली कमी-जास्त करणारे पितळी चाक दोन्ही हातांना सारखेच आहे. मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवले, की पाते खाली उतरते. स्वस्त रंध्यात हे चाक अर्धा-पाऊण फेरा पोकळ फिरते, म्हणून पाते आधी वर घ्या आणि शेवटचा फेरा नेहमी खाली उतरवण्याचाच ठेवा, नाहीतर काम करता करता पाते मागे सरकते. तळाला मेणबत्ती घासली, की निम्मा जोर वाचतो.

लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, उलटी आली, तर फळी फिरवण्याऐवजी हात बदलण्याची सवय लावून घ्यावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद – जुना पॅटर्नमेकर
हात बदलण्याची घाई नको. नवख्याने आधी एका हाताने साल, म्हणजे रंध्यातून निघणारी लाकडाची पातळ पट्टी, अखंड काढायला शिकावे. फळी फिरवायला दहा सेकंद लागतात.

प्रश्नकर्ता – हौशी सुतार
दोघांचेही आभार. मुठीच्या कडा उतरवल्या आणि सळई दीड मिलिमीटर घासली; बेचक्यातील फोड थांबला. व्हाइस हलवणे लगेच शक्य नसल्यामुळे टेबलाच्या उजव्या टोकाला एक पट्टी स्क्रूने बसवली आहे आणि कंबरेला खरोखरच उतार पडला. साल मात्र अजूनही एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला कागदासारखी पातळ येते.

प्रतिसाद – टेबलवाला
पात्याच्या मागची उभी दांडी डावीकडे-उजवीकडे थोडी थोडी सरकवा आणि प्रत्येक वेळी एक अरुंद चिपाटी तळाच्या दोन्ही कडांवरून फिरवून पाहा. दोन्हीकडे सारखी साल निघाली, की तिथेच थांबा.