समरूपता आणि वेगळेपण: कसोटी कोणती?
ख्रिस्ती माणसाने एक तर भोवतालच्या समाजात मिसळून जावे, नाही तर त्याच्याविरुद्ध उभे राहावे, अशी मांडणी या चर्चेत झाली आहे. ती मला अपुरी वाटते. आमच्या इंदुरात मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या-चकल्या होतात आणि उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने म्हटली जातात. यात श्रद्धेशी तडजोड कुठे आली? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग सोडला नाही, मात्र १९१७ मध्ये परदेशी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. म्हणजे त्यांना नकोसा होता तो परका साचा, मराठीपण नव्हे. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल या युगाशी समरूप होऊ नका म्हणतो, ते मनाच्या नवीकरणाविषयी; पेहरावाबद्दल तो तिथे बोलत नाही.

खरी कसोटी जातीची आहे. एकाच बाकावर बसून प्रार्थना करणारी कुटुंबे सोयरिकीची वेळ आली की मुलाच्या माहितीच्या कागदावर पूर्वजांची जात शोधतात, आणि ख्रिस्तात सर्व एक आहेत हे पौलाच्याच गलतीकरांस पत्रातले वचन तेवढ्यापुरते बाजूला राहते, याचे मला मनापासून दुःख होते. संगीत, कपडे आणि सण यांवर इथे पुष्कळ लिहून झाले, पण या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही.