रिकाम्या जागा रिकाम्याच राहतात

राष्ट्रसेवेत तरुणांना कामाच्या जागा कशा वाटायच्या, यावर एक उपाय सुचवला जातो: 'दोन्ही बाजूंचे पसंतीक्रम घ्या, गेल-शॅप्लीचा अल्गोरिदम (उमेदवार आणि संस्था यांच्या पसंतीवरून जोड्या लावणारी पद्धत) लावा, मग नेमणुकांची कटकटच संपली.' हे म्हणणं मला अर्धंच पटलं. वशिल्याला चाप बसेल, हे कबूल. पण आडगावच्या शाळांना आणि दवाखान्यांना माणसं मिळतील ही जी आशा धरली आहे, ती हा अल्गोरिदम पुरी करू शकत नाही. हा अल्गोरिदम 'स्थिर जुळणी' देतो, म्हणजे ठरलेल्या जोड्या सोडून एकमेकांकडे जावं असं कुठल्याही उमेदवाराला आणि संस्थेला एकाच वेळी वाटत नाही. आणि अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी १९८६ मध्येच हे सिद्ध केलंय: एखाद्या रुग्णालयाच्या जागा एका स्थिर जुळणीत भरल्या नाहीत, तर दुसऱ्या कुठल्याही स्थिर जुळणीत त्याला तेवढीच आणि तीच माणसं मिळतात. या प्रमेयाचं नावच 'ग्रामीण रुग्णालयांचं प्रमेय' आहे! म्हणजे सॉफ्टवेअर कितीही घासूनपुसून लिहा, नावडत्या जागा ओसच राहणार.

आणि राष्ट्रसेवेचा हेतूच मुळात पसंतीच्या उलट असतो. नायजेरियाची पदवीधरांसाठीची राष्ट्रसेवा योजना यादवी युद्धानंतर, १९७३ मध्ये सुरू झाली ती पोरांना मुद्दाम परक्या राज्यात पाठवायला. तिथे आधी राज्य ठरतं, मग शिबिर, आणि कामाची जागा त्यानंतर. वर जिथे नेमलं ती संस्था 'आम्हाला नको' म्हणून उमेदवाराला परतही पाठवू शकते. मग पुन्हा नवं नेमणूकपत्र, नवी जागा. त्यामुळे मी तरी एकदाच चालणाऱ्या जुळणीपेक्षा हे नकार पटकन नोंदवून फेरनेमणूक करणाऱ्या भागावर जास्त मेहनत घेईन. पसंती विचारायचीच तर राज्य ठरल्यावर, त्या राज्यातल्या जागांपुरती विचारावी.